एक कमी

तिने नवऱ्याचं मनगट धरून उन्हात वळवलं आणि प्रवेशाच्या पट्ट्याचा रंग पुन्हा एकदा बघितला. पिवळा. तिच्या स्वतःच्या हातातला हिरवा होता.

"अहो, तुमचा पिवळा कसा?"

"देणाऱ्याने दिला तसा घेतला. हात सोड आधी, मागे लोक खोळंबलेत."

"पण माझा हिरवा आहे."

"बायकांना हिरवा, पुरुषांना पिवळा असेल."

तेवढ्यात एक ढेरपोटे गृहस्थ हिरवा पट्टा मिरवत दोघांना ओलांडून पुढे गेले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने समुद्राकडे पाहिलं. मागे छोटी बोट लाकडी धक्क्याला घासत डुलत होती आणि दूर खोल पाण्यात त्यांचं जहाज उभं होतं. बेटावर सहा तास होते, त्यातली वीस मिनिटं पट्ट्यांच्या रांगेतच गेली होती.

या बेटाला किनारे तीन. जहाजावर मिळालेलं माहितीपत्रक तिने दोन दिवस वाचलं होतं आणि वाचनागणिक तिला कमी कमी समजत गेलं होतं. धक्क्याजवळचा किनारा सगळ्यांना खुला, पण तिथे सावली नाही. मधल्या किनाऱ्यावर फक्त पाणबुड्यांचे चष्मे लावून मासे बघणाऱ्यांना सोडतात. आणि टेकडीपलीकडचा तिसरा रिसॉर्टचा, त्यासाठी जहाजावरच आधी नाव नोंदवावं लागतं. एका पानावर 'रिसॉर्ट प्रवेशात किनारा समाविष्ट' असं छापलं होतं आणि दुसऱ्या पानावर 'किनारा प्रवेशात रिसॉर्ट समाविष्ट नाही'. ती शाळेत पस्तीस वर्षं शिवण शिकवत होती, उलटसुलट टाका तिला पटकन दिसायचा, पण हे काही केल्या उलगडेना.

तरी तिसराच किनारा हवा हे तिचं पहिल्या दिवशीच ठरलं होतं, कारण पत्रकात त्याचा फोटो होता. एक छत्री, तिच्याखाली दोन आरामखुर्च्या हाताला हात लागेल इतक्या जवळ आणि समोर नुसतं पाणी.

तिला एवढंच हवं होतं. लेकीने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला ही सफर द्यायचं ठरवलं, तेव्हा विचारलं होतं, आई, तुला तिकडे जाऊन काय करायचंय? ती म्हणाली होती, "मला एकदा यांच्या शेजारी बसून काहीतरी बघायचंय." लेक हसली. नवरा तिथेच पेपर वाचत होता, तोही हसला.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. नवरा छत्तीस वर्षं नाट्यगृहात डोअरकीपर होता. सगळे त्याला बॅटरीवाला म्हणत. उशिरा आलेल्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत न्यायचं, प्रयोग रंगला की मागे अंधारात उभं राहून प्रेक्षकांची डोकी मोजायची, आकडा मॅनेजरच्या हातात द्यायचा आणि पडदा पडायच्या दहा मिनिटं आधी दारांच्या कड्या काढून ठेवायच्या. मोजणीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मॅनेजर म्हणायचा, तिकिटं खोटी असतील, बॅटरीवाल्याचा आकडा खोटा असणार नाही. बायकोसाठी तो पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची मिळवायचा, तिला तिथवर पोचवायचा आणि कानाशी म्हणायचा, "तू बस, मी दारात आहे." तिने शेकडो नाटकं पाहिली, सगळी एकटीने. घरी जाताना ती त्याला शेवट सांगायची. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात ते शेजारी बसले होतेच, पण तिथे समोर बघण्यासारखं काही नसतं. निवृत्तीनंतर एकदा दोघं रीतसर तिकिटं काढून गेली. मध्यंतरात हा जुन्या सोबत्यांना भेटायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. शेवटचा पडदा पडला तेव्हा दार यानेच उघडलं.

म्हणून या वेळी नोंदणीचं काम तिने मुद्दाम त्याच्यावरच सोपवलं होतं. जहाजाच्या काउंटरवर फॉर्म भरायला तो एकटा गेला, वीस मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, "झालं तुझं काम." तेव्हा ती खूश झाली होती.

टेकडीची पायवाट चढून दोघं रिसॉर्टच्या फाटकाशी आली. फाटकावरचा रखवालदार इस्त्रीच्या कपड्यांत घामाघूम झाला होता. त्याने तिचा पट्टा पाहिला आणि आत जायला हात केला. नवऱ्याचा पट्टा पाहिला आणि तोच हात आडवा धरला.

"काका, तुमचा खालचा किनारा. धक्क्याजवळचा."

"आम्ही एकत्र आहोत," ती म्हणाली. "नाव नोंदवलंय. यादीत बघा."

रखवालदाराने यादीवरून बोट फिरवलं. "खोली बरोबर आहे. पाहुणे, एक."

"एक?"

"एक. हे बघा, सही पण आहे."

सही नवऱ्याचीच होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. तिने ती लगेच ओळखली.

"अहो, हे काय?"

तो चष्मा वर सरकवून कागदाकडे बघत राहिला. त्याला खरंच काही कळत नव्हतं असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं, पण ती आता तोंड बघायच्या मनःस्थितीत नव्हती.

"मी तर सगळे लिहिले होते," तो म्हणाला.

"सगळे म्हणजे एक?"

"मग आता एक वाढवा ना," तो रखवालदाराला म्हणाला.

"आज फुल्ल आहे काका. एक खुर्ची शिल्लक नाही."

'फुल्ल' म्हटल्यावर नवऱ्याने मान डोलावली. या शब्दापुढे हुज्जत घालायची नसते हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. मग तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "तू जा. मी दारात आहे."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चाळीस वर्षांनी, घरापासून इतक्या लांब येऊनही हेच वाक्य. याला माझ्या शेजारी बसायचंच नाही, तिला वाटलं. कधीच बसायचं नव्हतं, आणि मी आपली येडी, नोकरीला दोष देत राहिले. तिने पिशवी खांद्यावर चढवली आणि मागे न बघता फाटकातून आत गेली.

आत सगळं फोटोतल्यासारखं होतं. पांढऱ्या गणवेशातल्या एका बाईने तिला छत्रीखाली नेलं. दोन आरामखुर्च्या, मध्ये वीतभर जागा.

"सोबत कोणी आहे?" त्या बाईने विचारलं.

"आहेत. दारात आहेत."

"येतायत ना आत?"

"नाही."

बाई गोंधळून हसली आणि गेली. तिने पिशवीतून नवऱ्याची टोपी काढली, दुसऱ्या खुर्चीवर ठेवली आणि आडवी झाली. समुद्र हिरवा होता, मग निळा होता, मग आणखी निळा. तिने तो जेमतेम पाच मिनिटं पाहिला असेल. पाठीला डोळे फुटल्यासारखं तिचं सगळं लक्ष फाटकाकडे. एकदा वाटे, उठावं आणि जाऊन चांगलं खडसवावं. एकदा वाटे, राहू दे उन्हात, त्याशिवाय कळायचं नाही. मग त्याने सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही तेही आठवेना.

थोड्या वेळाने ती बाई परत आली. तिच्यामागे तिघांचं कुटुंब उभं होतं.

"ही खुर्ची रिकामीच आहे, तर त्यांना देऊ का?"

तिने टोपी उचलून घेतली. "न्या."

खुर्ची गेली आणि वाळूत चार पायांचे चार खळगे तेवढे राहिले. ती त्यांच्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने तिने चपला हातात घेतल्या आणि बाहेरची वाट धरली.

बाहेर जायचं दार वेगळं होतं, आणि ती वाटही सरळ असेल तर शपथ. पाट्यांवर पट्ट्यांचे रंग काढले होते, पण उन्हाने पिवळा आणि हिरवा सारखेच फिके पडले होते. ती आधी कपडे धुण्याच्या खोल्यांमागे निघाली, मग मधल्या किनाऱ्यावर, जिथे एका माणसाने तिच्या हातात मासे बघायचा चष्मा दिला आणि दुसऱ्याने तो काढून घेतला. एक मोठा वळसा घालून ती पुन्हा टेकडीवर आली तेव्हा फाटकाच्या थोडं अलीकडे, तीन वाटा फुटतात त्या ठिकाणी नवरा उभा होता.

तो उभा होता म्हणजे कामावर होता. हात पाठीमागे, मान किंचित पुढे. येणारा प्रत्येक जण पट्टा दाखवत होता आणि हा सांगत होता, हिरवे डावीकडे, निळे सरळ माशांकडे, पिवळे खाली, ताई जपून, दगड सुटा आहे. एका आजोबांना तर कोपराला धरून दहा पावलं पोचवून आला. लोक त्याला बेटाचाच माणूस समजत होते. कोणीही गोंधळलेलं नव्हतं.

ती झाडाआडून थोडा वेळ बघत राहिली. रागाला नीट जागा सापडेना.

"टोपी घाला," ती जवळ जाऊन म्हणाली.

"अगं, इतक्यात आलीस? कसं होतं आत?"

"समुद्र होता."

"आणि?"

"खुर्ची होती. नेली कोणीतरी." ती पुढे चालायला लागली. "चला. साडेतीनची बोट आहे."

"आवडलं नाही का तुला?"

तिने चालण्याचा वेग वाढवला. दर नाटकानंतर घरी जाताना शेवट सांगणारी बायको आज गप्प का, हे त्याला समजेना. खाली धक्क्यापर्यंत तो एक पाऊल मागूनच आला.

छोट्या बोटीत बाकं होती, प्रत्येकावर दोघांची जागा. ती खिडकीशी बसली आणि पिशवी शेजारी ठेवली. नवरा मधल्या वाटेतच उभा राहिला. पांढऱ्या भुवयांचा एक वयस्कर खलाशी हाताचं बोट नाचवत माणसं मोजत गेला आणि पुढून ओरडला, "अठ्ठावन्न! सोडा!"

"थांबा," नवरा म्हणाला. "सत्तावन्न आहेत. एक कमी आहे. कोणीतरी बेटावर राहिलंय."

बोटीत कुजबुज झाली. कोण राहिलं, कोणाचं माणूस राहिलं, म्हणून सगळे आपापल्या शेजारी बघायला लागले. खलाशाने कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा मोजलं.

"अठ्ठावन्न."

नवऱ्यानेही पुन्हा मोजलं. पुढच्या बाकापासून मागच्यापर्यंत, ओठ न हलवता, जसा तो अंधारात मोजायचा तसा.

"सत्तावन्न. मी छत्तीस वर्षं हेच केलंय, माझं चुकत नाही."

"काका, बसून घ्या हो," मागून कोणीतरी वैतागून म्हणालं. "जहाज चुकायचं."

तो हटला नाही. त्याचे कान लाल झाले होते. एक माणूस मागे सुटतंय आणि कोणी ऐकत नाही, याची खरीखुरी काळजी त्याच्या तोंडावर होती. ती त्याच्याकडे बघत होती. बघता बघता तिचा हात पिशवीवर थबकला.

"अहो," ती हळूच म्हणाली. "त्या फॉर्मवर विचारलं होतं ना, किती जण म्हणून?"

"आता काय त्याचं?"

"तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? मोजलं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तुला."

तो बोलून गेला आणि थांबला. दोरी सोडायला वाकलेला खलाशी त्याच्याकडे बघत होता, सगळी बोट बघत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग बाकांवरून नजर फिरवत पार शेवटपर्यंत नेली, आणि ती परत येऊन त्याच्या स्वतःच्या मनगटावर, पिवळ्या पट्ट्यावर, टेकली.

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"अठ्ठावन्न," तो खलाशाला म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून त्याने परत सांगितलं, "अठ्ठावन्न बरोबर आहे. सोडा."

आणि तो तिच्या शेजारी बसला.