नदीवरून बोलणारा क्लाइड

माझा दीर डेन्झिल माझ्या टेबलावर जेवतो, माझ्या पोर्चवर तंगड्या पसरून बसतो, माझ्या फोनवरून रेडिओवाल्यांशी बोलतो आणि नाव मात्र स्वतःचं सांगत नाही. "मी नदीवरून क्लाइड बोलतोय," म्हणतो. कुठली नदी आणि कुठला क्लाइड! आमच्या खोऱ्यात मोबाइल चालत नाही, डोंगर आड येतात. म्हणून स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वायरीसकट ओढत नेऊन हा मागच्या पायरीवर ठाण मांडतो. रोज संध्याकाळी बास्केटबॉलच्या गप्पांचा कार्यक्रम लागतो. अख्ख्या केंटकीतली रिकामटेकडी माणसं त्यात फोन करून कोचला अक्कल शिकवतात. शिकवू देत. कोचला त्याचाच पगार मिळतो.

पण सीझन संपला की खरा तमाशा सुरू होतो. कोण राहणार, कोण जाणार, कुणाला आणायचं, कुणाला हाकलायचं. पूर्वी पोरगं एका कॉलेजात गेलं की चार वर्षं तिथलंच असायचं. हल्ली ते पोर्टल म्हणून काहीतरी निघालंय. पोराने त्यात नाव घातलं की सगळ्या देशातली कॉलेजं त्याला फोन करायला मोकळी. बाजारात बैल उभा करावा तसं.

या वर्षी त्या बाजाराची झळ माझ्याच घराला लागली. माझ्या लेकीचा, व्होंडाचा मुलगा डाल्टन आपल्या राज्याच्या मोठ्या विद्यापीठाच्या टीममध्ये आहे. आमच्या भागातून तिथवर पोचलेला तो एकटाच. दाराएवढा उंच, दाराएवढाच रुंद. खेळतो थोडा, बाकावर बसतो जास्त. त्याचं मला काही नाही. मी सहावीत शाळा सोडली, व्होंडा नर्स झाली आणि हा पूल बांधायचं शिकतोय. शेवटचं एक वर्ष राहिलंय. बॉल आज आहे, उद्या गुडघा गेला की नाही. मला त्या पुलांच्या डिग्रीचा कागद माझ्या भिंतीवर हवाय. बस, एवढंच.

तर त्या संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. करपल्याचा वास आला. डेन्झिलला बीन्स बघायला सांगितलं होतं, आणि हा पायरीवर फोनला चिकटलेला. मी तिथूनच ओरडले, "डेन्झिल कॉम्ब्ज! बीन्स करपतायत! नाकात बोळे घातलेस का?"

त्याने घाईघाईने फोनवर हात ठेवला. व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझा आवाज अख्ख्या राज्याने ऐकला.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात गेले तर आर्व्हिल हसून हसून लाल झालेला. आर्व्हिल आमचा शेजारी, दुकान त्याचंच. म्हणाला, "आयसी, रेडिओवाला विचारत होता, क्लाइड, हा डेन्झिल कोण रे?"

"पण तो बोलत काय होता?" मी विचारलं.

आर्व्हिलचं हसणं थांबलं. हातातला पाना पुसत बसला. "जाऊ दे ना."

"आर्व्हिल, मी तुला लंगोटात बघितलंय. बोल."

मग बोलला. क्लाइडचं म्हणणं असं, की चव्वेचाळीस नंबरच्या पोराचे पाय शिशाचे आहेत. असला खेळ आता प्रोफेशनलमध्ये कुणी खेळत नाही. कोचने त्याला सोडून द्यावं आणि त्या जागी लांबून मारणारा कुणीतरी आणावा.

चव्वेचाळीस नंबर म्हणजे आमचा डाल्टन.

मी घरी येऊन डेन्झिलला काही बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा तो जास्त घाबरतो. त्या रात्री डाल्टनला फोन लावला, उचलला नाही. व्होंडाने लावला, तोच प्रकार. मग एक दिवस व्होंडा हॉस्पिटलमधून आली ती रडवेली होऊन. बरोबरच्या नर्सने तिला दाखवलं होतं. डाल्टनचं नाव पोर्टलमध्ये लागलं होतं.

"आई, पार पश्चिमेकडची कॉलेजं त्याला बोलावतायत म्हणे," ती म्हणाली. "तिकडे गेला तर इथले निम्मे विषय धरणार नाहीत. मग कशाचं शिक्षण नि कशाचे पूल!"

रविवारी चर्चहून आलो. टेबलावर तळलेली कोंबडी, बीन्स, मक्याचा पाव. व्होंडा घास चिवडत होती. आर्व्हिलही जेवायला होता, आणि त्याला गप्प बसता येत नाही.

"डेन्झिल, क्लाइड कसा आहे रे तुझा?"

डेन्झिलचे कान लाल झाले. "खोटं काय बोललो मी? प्रोफेशनल लोक कसे खेळतात ते बघ जरा. पाचच्या पाच जण लांब पांगून उभे राहतात नि लांबूनच मारतात. बास्केटला पाठ लावून उभा राहणारा गडी आता कुणाला नकोय."

"आणि त्या लांबून मारणाऱ्याला मोकळी जागा कोण करून देतं? कुणीतरी रेड्यासारखा आडवा उभा राहतो म्हणून त्याला मारता येतं."

"रेडा वेगळा, ओंडका वेगळा. रेडा हलतो."

"चुकलेला बॉल कोण उचलतं मग? तुझा बाप?"

"माझा बाप खाणीत होता, त्याला मध्ये आणायचं नाही!" डेन्झिलने काटा आपटला. "टीम ती टीम. माझा सख्खा भाऊ असता तरी हेच बोललो असतो. आणि त्या बाकावर बसून पोराचे गुडघे गंजतायत, ते दिसत नाही का कुणाला? दुसरीकडे गेला तर खेळेल तरी!"

"दुसरीकडे म्हणजे कुठे, अंकल?" व्होंडा फाटकन् म्हणाली. "तिथून तुम्ही आणणार का त्याला माझ्याकडे सणाला?"

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. डाल्टनची. त्या गाडीचा सायलेन्सर आंधळ्यालाही ओळखू येईल. आम्ही दारात गेलो तर पोरगा मागच्या सीटवरून एकेक बोचकं काढतोय. दोन, तीन, आणि वर उशी. व्होंडाने माझा दंड धरला. मला वाटलं, संपलं. खोली रिकामी करून आला.

"हे काय सगळं घेऊन आलास?" मी विचारलं.

"धुणं आहे, मॅमॉ," तो म्हणाला. आजीला तो मॅमॉच म्हणतो. "आमच्या इथलं मशीन बंद पडलंय. उशीवर कॉफी सांडली."

मी तिथेच पायरीवर बसले. आर्व्हिल हसायला लागला, त्याला म्हटलं गप रे मेल्या, आणि मीच हसायला लागले.

आत येऊन अर्धी कोंबडी संपवल्यावर डाल्टनने सांगितलं. कोचने त्याला आधीच, रेडिओच्याही आधी, बोलावून सांगितलं होतं, की लांबून मारणारे दोन नवे शूटर येतायत. राहिलास तर मला आनंद आहे, पण खेळायला फार मिळेल असं खोटं सांगणार नाही. म्हणून त्याने नाव घातलं. पश्चिमेकडच्या एका कॉलेजने पहिल्या दिवसापासून खेळवू म्हणून कबूल केलं.

"मी त्यांना विचारलं, माझे पुलांचे विषय धरणार का? तर तो माणूस म्हणतो, पूल कशाला, आमच्याकडे खेळाच्या व्यवस्थापनाचा कोर्स आहे, सोपा असतो." डाल्टनने पावाने ताट पुसलं. "शुक्रवारी नाव काढून घेतलं. कोचने ठेवून घेतलं. बाकावर बसेन, पण पूल पूर्ण करेन."

व्होंडाने त्याचं डोकं छातीशी धरलं. मी कढईकडे वळले. डोळ्यांत धूर गेला होता, चूल बंद असली तरी.

"मग फोन का नाही उचललास, गाढवा?" मी तिकडे तोंड करूनच विचारलं.

"उचलला असता तर तूच ठरवून टाकलं असतंस, मॅमॉ."

पोरगं शिकल्याचा एवढा तोटा असतोच.

"आणि रेडिओवरचं ऐकलंस?" आर्व्हिलने विचारलंच.

"सगळ्या टीमने ऐकलं! आता प्रॅक्टिसला कुणी रेंगाळलं की सगळे ओरडतात, बीन्स करपतायत! कोचसुद्धा ओरडतो." तो डेन्झिलकडे वळला. डेन्झिल ताटातल्या हाडाशी चाळा करत होता. "अंकल, पायांचं काही तू खोटं बोलला नाहीस. उन्हाळ्यात मी लांबून मारायचा सराव करणार आहे. बॉल परत फेकायला येशील ना?"

डेन्झिलने होकाराची मान डोलावली. पण स्वभाव कुठे जातो! जेवणं उरकली, गप्पांत संध्याकाळ होऊन कार्यक्रमाची वेळ झाली, आणि हा भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन उभा. दोन शूटर आणि वर आमचा डाल्टन, म्हणजे पुढच्या वर्षी टीम कशी उभी राहील हे जगाला सांगितल्याशिवाय त्याला झोप कशी लागणार?

मी मधे जाऊन रिसीव्हर धरला.

"डेन्झिल, पोराला बोललास त्याचा मला राग नाही. मीही त्याला बोलते, तोंडावर बोलते. राग आहे तो क्लाइडचा. आता फोन कर, खुशाल कर. पण पहिलं वाक्य हे म्हणायचं: मी डेन्झिल कॉम्ब्ज, त्या चव्वेचाळीस नंबरच्या आजोबांचा सख्खा भाऊ, आणि मी त्याच्या आजीच्या हातचं जेवतो. मग त्याच्या पायांना काय हवी ती नावं ठेव. आणि तेवढी छाती नसेल, तर ती भांडी पडलीत, ती घासायला घे."