पट्टीवरचं बोट

"येस लिहा, ताई. पाचशे केसिंग, अठ्ठावीस तारीख, येस. एवढ्याला इच्यार कसला करताय?"

अमरसिंह गाडीची किल्ली बोटात फिरवत दारातच उभे होते. जयसिंगपूरला मेहुण्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि त्यांना निघायची घाई होती. क्रांती चौगुलेचे हात मात्र कीबोर्डवर नुसते टेकून राहिले होते. बावीस वर्षं ती या फौंड्रीत डिस्पॅच क्लार्क होती. अमरसिंहांचे वडील बाळासो कारभार बघत होते तेव्हापासून परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं तीच टाइप करत आली होती, आणि प्रत्येक पत्राखाली नाव मालकाचं असायचं. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आजच्या 'येस'वर मात्र तिचं बोट पडत नव्हतं.

समोर स्क्रीनवर हॉलंडच्या पंप कंपनीच्या बाईंचं, मिसेस व्हान डाइक यांचं, सकाळीच आलेलं पत्र होतं. गेल्या वर्षभरात तुम्ही दोनदा येस म्हणालात आणि दोन्ही वेळा माल आला नाही. अठ्ठावीस तारखेला नक्की काय मिळेल ते आज संध्याकाळपर्यंत कळवा. ही शेवटची ऑपॉर्च्युनिटी समजा, नाहीतर आमचे पॅटर्न परत पाठवा.

पॅटर्न परत पाठवा म्हणजे काय, हे फौंड्रीत झाडू मारणाऱ्या बयाबाईलाही कळतं. पॅटर्न म्हणजे मूळ नमुना, तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा. त्याच्यावरून वाळूत साचा काढायचा आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा. पॅटर्न गेला की काम गेलं. मोल्डिंगची निम्मी लाइन, म्हणजे चाळीस माणसं, या हॉलंडच्या पंपांच्या केसिंगवरच, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचांवरच, पोट भरत होती.

आता अमरसिंह काही लबाड माणूस नव्हते, हेही सांगायला हवं. कोल्हापुरात 'हुतंय का?' असं विचारलं की 'हुतंय की' हे एकच उत्तर असतं. 'बघू', 'बहुतेक' असलं बोलणारा माणूस कच्च्या दिलाचा समजला जातो. अचानक दहा पावणं जेवायला आलं तरी हुतंय की, आणि विहिरीतली मोटर एका दिवसात दुरुस्त करून पाहिजे म्हटलं तरी हुतंय की. यात फसवायचा हेतू नसतो, समोरच्याचं मन मोडायचं नाही एवढंच असतं. शिवाय नाही झालं तर समोरचाही समजून घेतो, कारण तोही जन्मभर हेच बोलत आलेला असतो. पण हॉलंडच्या बाईंना हे कुणी समजावायचं?

"लिहिते, साहेब," क्रांती म्हणाली. अमरसिंह गेले.

पहिल्या वेळी माल गेला नाही तेव्हा हॉलंडहून 'यू प्रॉमिस्ड' असं पत्र आलं होतं. नाव मालकाचं असलं तरी ते प्रॉमिस आपल्या बोटांनी टाइप केलंय, हे क्रांतीच्या फार मनाला लागलं. त्याच आठवड्यात ती मंगळवार पेठेत अंबादास सरांच्या रविवारच्या वर्गाला जाऊ लागली. सर निवृत्त इंग्रजीचे मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत सात-आठ मोठ्या माणसांना घेऊन बसायचे. व्याकरणाची पुस्तकं त्यांनी कधीच बासनात बांधून ठेवली होती. टेबलावर एक लाकडी फूटपट्टी ठेवायचे आणि सांगायचे, ही पट्टी म्हणजे खरं बोलायची सोय आहे. बारा इंचांवर 'सर्टनली'. नऊवर 'देअर इज अ गुड चान्स'. सहावर 'माइट'. तीनवर 'अनलाइकली'. आधी पट्टीवर बोट ठेवायचं आणि मगच तोंड उघडायचं. एकदा क्रांतीनं विचारलं होतं, की मग ऑपॉर्च्युनिटी कितव्या इंचावर? त्यावर सर म्हणाले होते, "ती पट्टीवर नाही. चान्स मोजायचा असतो, ऑपॉर्च्युनिटी मागायची असते."

क्रांतीनं ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी काढली आणि मोल्डिंग शेडकडे निघाली.

शेडमध्ये एप्रिलचं ऊन आणि भट्टीची धग एक झाली होती. सुपरवायझर कृष्णात वाळूचे हात झटकत पुढे आला. अठ्ठावीसपर्यंत पाचशे केसिंग होतील का, असं तिनं विचारलं.

"हुतंय की, म्याडम."

तिनं पट्टी साच्याच्या पेटीवर आडवी ठेवली. "तोंडानं नको सांगू. बारा म्हंजे नक्की, शून्य म्हंजे न्हाईच. बोट ठेव बघू."

कृष्णात हसला. हा काय पोरखेळ, असं म्हणून बारावर बोट ठेवायला गेला आणि मध्येच थांबला. त्यानं मागे वळून दोन भट्ट्यांपैकी बंद पडलेल्या भट्टीकडे बघितलं. तिचं आतलं अस्तर बदलायचं होतं, त्यात आठ दिवस जाणार होते. पुढच्या आठवड्यात शाहूवाडीकडच्या गावांच्या जत्रा होत्या, आणि साचे काढणारे निम्मे मोल्डर तिकडचे. त्याचं काळं बोट पट्टीवरून मागे मागे सरकत तीनवर येऊन टेकलं.

"हितं," तो म्हणाला. "ते बी तुमच्या तोंडाकडं बघून."

तोंडानं बिनधास्त होकार देणारा माणूस बोटानं मात्र खोटं बोलू शकला नाही. क्रांतीनं तीनशे विचारले. बोट बराच वेळ घुटमळून नऊवर थांबलं. जत्रेला सगळीच पळाली नाहीत तर, असं त्यानं वर सांगितलं. मग तिनं दोनशे विचारले. कृष्णातनं बोट बारावर असं दाबलं की पट्टी वाकली.

"दोनशे माझ्या जिवावर. भट्टी एक असू दे न्हाईतर अर्धी."

पट्टीवर वाळूचे तीन काळे ठसे उमटले होते. ते पुसू न देता क्रांतीनं पट्टी तशीच आणून कीबोर्डशेजारी ठेवली आणि त्या ठशांकडे बघत पत्र लिहिलं. दोनशे केसिंग अठ्ठावीसला 'सर्टनली' निघतील. तीनशेचा 'गुड चान्स' आहे. पाचशे 'अनलाइकली'. भट्टीचं अस्तर आणि गावच्या जत्रा, दोन्ही कारणं तिनं आडपडदा न ठेवता लिहिली. शेवटी, राहिलेला माल मे महिन्यात पाठवण्याची ऑपॉर्च्युनिटी दिलीत तर आम्ही आभारी राहू, असं मागून घेतलं. पत्र खरं होतं, पण नाव मालकाचं होतं. त्यांना न विचारता ते पाठवणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिनं जयसिंगपूरला फोन लावून सगळं वाचून दाखवलं. पलीकडे बेंजो वाजत होता.

"चान्स बिन्स काय, ताई? मटका लावलाय व्हय आपण? येस म्हणायला काय जातंय?"

"दोनदा येस म्हणालोय, साहेब. तिसरा येस त्यास्नी खरा वाटणार न्हाई."

 अमरसिंहांचा आवाज बेंजोच्याही वर चढला. "मग तुमच्या नावानं धाडा. माझं नाव घालू नका त्यात. उद्या पॅटर्न गेलं तर चाळीस माणसांस्नी तुम्हीच तोंड दाखवा."

फोन बंद झाला. साहेब रागाच्या भरात बोलले होते आणि घरी आल्यावर त्यांनाच वाईट वाटलं असतं, हे क्रांतीला ठाऊक होतं. पण बोललेलं खरं होतं. पॅटर्न गेले तर कृष्णातच्या डोळ्याला डोळा भिडवणं तिला जमणार नव्हतं.  मुकाट्यानं येस लिहून मोकळं व्हावं, असंही एकदा वाटून गेलं. तिनं पट्टीकडे बघितलं. बारावरचा ठसा सगळ्यात काळा होता. तिनं पत्राखालचं मालकाचं नाव खोडलं, तिथं 'मिसेस क्रांती चौगुले, डिस्पॅच' असं लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं. 'डिअर मिसेस चौगुले' हे पहिले तीन शब्दच तिनं दोनदा वाचले. बावीस वर्षांत तिच्या नावानं आलेलं ते पहिलं परदेशी पत्र होतं. बाईंनी लिहिलं होतं, की नक्की काय मिळणार आणि काय नाही, हे तुमच्याकडून पहिल्यांदाच कळलं. दोनशे चालतील. तीनशे झाले तर आनंद. बाकी मे महिन्यात. पॅटर्न तुमच्याकडेच राहू द्या. आणि यापुढे आमचा पत्रव्यवहार शक्यतो मिसेस चौगुले यांच्याशीच व्हावा.

अमरसिंहांनी ते पत्र क्रांतीच्या खुर्चीमागे उभं राहून वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वर जाऊन वाचलं. मग थेट शेडकडे गेले. क्रांतीला खिडकीतून ऐकू आलं, भट्टीचं अस्तर कधी होईल असं ते विचारत होते आणि कृष्णात हुतंय की म्हणत होता.

"तोंडानं नगं," अमरसिंह म्हणाले. "ताईंच्याकडनं पट्टी आण जा."

अठ्ठावीस तारखेला तीनशे बारा केसिंग पेट्यांत भरून निघाले. जत्रेला गेलेली माणसं एक दिवस आधीच परत आली होती. कृष्णातनं गावोगाव फोन लावून प्रत्येकाला, ताईंनी आपल्या नावावर लिहून दिलंय, असं सांगितलं होतं. मे महिन्यात राहिलेला माल तर गेलाच, वर हॉलंडहून दोन नवे पॅटर्न येऊन दाखल झाले. त्या दिवशी अमरसिंहांनी सगळ्यांना पेढे वाटले. क्रांतीला दोन दिले आणि म्हणाले, "लई बोललो तुम्हाला त्या दिवशी. हॉलंडची पत्रं आता तुमच्याच नावानं जाऊ देत." तिनं मान हलवली. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये ती एकटीच हसत होती आणि शेजारची बाई तिच्याकडे बघत होती.

पुढच्या रविवारी ती आपल्या त्या पत्राची प्रत घेऊन अंबादास सरांकडे गेली. वर्षभरात तिचा एकही कागद सरांच्या लाल पेनातून सुटला नव्हता. सरांनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि वाचायला घेतलं.  पेन ओळीवरून ओळीवर सरकत राहिलं, पण कागदाला कुठंच टेकलं नाही. खाली नावापाशी आल्यावर सर थांबले.

"हे नाव लिहिताना भीती वाटली?"

"लई वाटली, सर."

"कितव्या इंचाची?"

"बाराच्या बी पुढं."

सर हसले. पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं. कागद मात्र परत दिला नाही. पुढच्या रविवारी नवी माणसं येणार होती, त्यांना तो वाचून दाखवायचा होता, खालच्या नावासकट.