जिन्यातला खोकला

सहाचा भोंगा झाला की शिवणकारखान्यातली सगळी मशिनं एकदम गप्प व्हायची आणि भिंगरीची आई मान चोळत उठायची. दिवसभर ती फक्त कॉलर शिवायची. पुरा शर्ट कसा दिसतो, कोणाच्या अंगावर जातो, हे तिला कधी कळत नसे. पण कॉलरचं टोक काढावं तर तिनेच, असं कटिंगमास्तरसुद्धा म्हणायचा. कारखान्यात तिचं नावच 'कॉलरवाली' पडलं होतं आणि मनातून तिला ते आवडायचं.

घरी जाताना ती एकच चित्र मनाशी घोळवत चालायची. दार उघडेल, पोरगी धावत येईल, कमरेला मिठी मारेल आणि शाळेतलं सगळं एका दमात सांगून टाकेल. आठ वर्षांची ती पोर एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. बाप मालाच्या ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. तेव्हा आईला भिंगरी आणि भिंगरीला आई, एवढाच काय तो संसार.

त्या दिवशी दाराला बाहेरून कडी होती. आईने वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या टोकाच्या खोलीतून हसू ऐकू येत होतं. एक हसू भिंगरीचं. दुसरं कोणाचं ते कळायला आईला एक क्षण लागला, कारण ती म्हातारी हसलेली आजवर कोणी ऐकली नव्हती.

ती रफूवाली. चांगल्या कपड्याला भोक पडलं, कुठे खिळ्याला अडकून फाटलं, की लोक तिच्याकडे आणून टाकत. ती त्याच कापडाच्या शिवणीतून धागे काढून भोक असं भरायची की फाटलं कुठे होतं ते शिंप्यालाही सापडू नये. कामासाठी लोक तिच्या दाराशी जात, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नसत. कपडा बाहेरून द्यायचा, बाहेरून घ्यायचा. कारण म्हातारी 'वाईट पायाची' होती. नवरा आणि दहा वर्षांची लेक, दोघं एकाच महिन्यात तापाने गेली होती. त्या तापात वस्तीतली कितीतरी माणसं गेली. पण ही मागे उरली, हाच तिचा गुन्हा ठरला. तिची नजर बाधते, सकाळी तिचं तोंड दिसलं की दिवस फुकट जातो, असं कोणीतरी कधीतरी म्हणालं. चाळीस वर्षांत ते खोटं आहे असं म्हणायला मात्र कोणी पुढे आलं नाही.

म्हातारीने मग स्वतःच एक रीत पाडून घेतली. जिना उतरायच्या आधी ती वरूनच मोठ्याने खोकायची. खोकला ऐकला की खाली दारं ओढली जायची, तान्ह्या पोरांच्या आया आत पळायच्या, नव्या सुना तोंड फिरवायच्या. सगळं सामसूम झालं की ती उतरायची आणि नळावर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरायची. वाटेत कोणी दिसलंच तर खेकसायची. लोकांनी तोंड फिरवायच्या आधी आपणच फिरवलेलं बरं, असा तिचा हिशेब असावा. बरोबर होता की चूक, हे सुखाने घरात बसून लिहिणाऱ्याने काय सांगावं?

भिंगरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने खोकला ऐकला आणि तिला वाटलं, खोकला आहे. एक दिवस खोकल्याची गोळी मुठीत धरून ती थेट वर गेली.

"आजी, ही घे. चघळायची, चावायची नाही."

"मला खोकला नाही. चल, पळ खाली."

"मग खोकतेस कशाला?"

म्हातारीने बराच वेळ सुईत दोरा ओवण्यात घालवला. मग म्हणाली, "उजेडात उभी आहेस. बाजूला हो." पण पळ म्हणाली नाही. ते पुष्कळ झालं.

तेव्हापासून शाळा सुटली की भिंगरी वर. दोन महिन्यांत तिला उभा धागा, आडवा धागा कळायला लागला. आठ निळ्यांतला नेमका निळा ती बोटाने दाखवायची. तिलाही शिव्याच मिळत. "हात आहेत की खुरपी?" असं म्हातारी म्हणायची आणि भिंगरी घरी येऊन ते वाक्य हुबेहूब त्या आवाजात म्हणून दाखवायची आणि पोट धरून हसायची.

आईला मात्र हसू येत नसे.

"अगं, शिवण शिकायचीय तर मला सांग ना," ती एकदा म्हणाली. "घरात आई कॉलरवाली आणि तू सुई धरायला शेजारी?"

"तू दमतेस ना. आणि तुझं मशीनचं असतं. आजीचं हातचं असतं."

एवढंच. पोर निरागसपणे बोलली, पण आईच्या जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात भिंगरीचा पुढचा दात पडला आणि ते आईला रात्री जेवताना, सहज फट दिसली म्हणून कळलं.

"कधी पडला गं?"

"दुपारी. आजीने दोऱ्याने ओढला. दुखलंच नाही! दात तिने काड्यापेटीत ठेवलाय."

आईचा घास हातातच राहिला. नऊ महिने पोटात वाढवलं, दात येताना रात्र-रात्र जागून काढली, आणि तो दात आता त्या बाईच्या काड्यापेटीत! असं वाटणं वेडेपणाचं आहे, हे तिलाही कळत होतं. पण कळलं म्हणून आतली जळजळ थोडीच थांबते?

शनिवारी कटिंगमास्तरने उरलेल्या लालभडक कापडाचा तुकडा तिला दिला. रविवारी दिवस उजाडताच ती घरच्या मशीनला बसली. घेराचा फ्रॉक, पफच्या बाह्या आणि गळ्याला दुहेरी कॉलर, अशी की मोठ्या दुकानाच्या काचेत शोभावी. त्या म्हातारीच्या सुईला सात जन्मात जमणार नाही, असं मनाशी म्हणत तिने शेवटची गाठ मारली.

"आई, कसला भारी आहे!" भिंगरीने गिरकी घेतली आणि थांबली. "पण आजी म्हणते, कोरं कापड आधी पाण्यातून काढायचं, मग अंगाला लावायचं. कारखान्यात त्याला औषध मारतात."

हे आईला कोणी सांगायला हवं होतं का? कोऱ्या कापडावर दिवसभर काम करून तिची स्वतःची बोटं संध्याकाळी लाल व्हायची आणि खाजायची. इतर कोणी सांगितलं असतं तर तिने फ्रॉक उचलून सरळ बादलीत टाकला असता. पण 'आजी म्हणते' या दोन शब्दांनी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवाय धुतल्यावर कापडाची झळाळी जाते. ती झळाळी तर वरच्या म्हातारीला दिसायला हवी होती.

"आजी म्हणते, आजी म्हणते! मी काल शिवण शिकले का? घाल गुपचूप."

भिंगरीने तो दिवसभर घातला, उन्हात खेळली, घामाघूम झाली, वर जाऊन दाखवून आली आणि तोच घालून झोपली.

सकाळी पोरीचे डोळे सुजून बंद झाले होते. मान, काखा, पाठ, सगळीकडे लाल गांधी उठल्या होत्या आणि अंग तापलं होतं. आईने किंकाळी फोडली तशा जिन्यातल्या बायका धावून आल्या. सगळ्यांत पुढे इस्त्रीवाल्याची बायको. तिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं.

"काल कुठे गेली होती ही?"

"वर. फ्रॉक दाखवायला."

"अगं बाई! मग काय म्हणाली ती?"

म्हातारी काय म्हणाली होती, ते भिंगरीने आल्या आल्या सांगितलं होतं. "आईला सांग, कॉलर फार सुरेख बसलीय," असं म्हणाली होती. आईला ते तेव्हाही बोचलंच होतं. पोरीला जवळ घेऊन ती आता म्हणाली, "छान आहे म्हणाली. टक लावून बघत राहिली म्हणे."

म्हातारी टक लावून बघत राहिली असं भिंगरी बोललीच नव्हती. ते आईच्या पदरचं होतं. पण बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुढचं काही सांगायची गरजच उरली नाही.

दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगात नवीन काही घातलं होतं का? कच्च्या रंगाचं?" आईने मान खाली घातली. "औषध लावा. आणि तो कपडा पुन्हा धुतल्याशिवाय घालू नका. चार दिवसांत बरी होईल."

ती घरी परतली तोवर घरमालकीण चाळीच्या अंगणात उभी राहून फर्मान सोडून गेली होती. म्हातारीने आठ दिवसांत खोली सोडायची आणि तोवर नळावर यायचं नाही. म्हातारीने खिडकीतून ऐकलं आणि खिडकी लावून घेतली. भांडली नाही. सत्तरीच्या पुढच्या एकट्या बाईने, आणि तीही अशा नावाने ओळखली जाणारी, दुसरीकडे खोली कुठे शोधायची?

आईने त्या क्षणी बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. लाज होती, भीती होती, पण खरं सांगायचं तर आणखीही काही होतं. कारखान्यातून रजा काढून ती घरी होती आणि पोर तिच्या मांडीवर होती. दुपारभर गप्पा, गोष्टी, वेणीफणी. तीन दिवस भिंगरी फक्त तिची होती आणि तिला त्याचं सुख लागलं. वर एक माणूस घोट-घोट पाणी पुरवून पीत होतं, आणि खाली तिला सुख लागत होतं.

तिसऱ्या दिवशी केस विंचरून घेताना भिंगरी म्हणाली, "आई, आजी खोकत का नाही?"

"झोपली असेल."

"तीन दिवस? मग पाणी कसं भरते? खोकल्याशिवाय ती खाली येतच नाही."

आईचा फणीचा हात थांबला. तिला वाटत होतं, हे पोरीला ठाऊक नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नळावर रांग होती. मालकीणबाईही मोटरचं बटण दाबायला आल्या होत्या. भिंगरी छोटी कळशी घेऊन आली, भरली आणि दोन्ही हातांनी उचलून जिन्याकडे निघाली. इस्त्रीवाल्याची बायको आडवी झाली.

"ए, वर कुठे? मरता मरता वाचलीस ना?"

"आजीला पाणी नाहीये."

"तिच्यामुळेच आजारी पडलीस, वेडे!"

भिंगरीने कळशी पायरीवर ठेवली आणि मागे वळली. चेहऱ्यावरची सूज अजून पुरती उतरली नव्हती. सगळ्यांदेखत तिने विचारलं, "आई, मी आजीमुळे आजारी पडले?"

सगळ्या बायका आईकडे बघत होत्या. हो म्हटलं असतं, नुसती मान हलवली असती, तरी पोर कायमची तिची झाली असती. एवढं सोपं होतं ते. पण पोरीचे ते अर्धे सुजलेले डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

आई घरात गेली. बाहेर आली ती हातात लाल फ्रॉक घेऊन. तिने आपली बादली नळाखालून ओढली, फ्रॉक त्यात बुडवला, दोनदा पिळला आणि बादली अंगणाच्या मधोमध ठेवली. पाणी लालभडक झालं होतं. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"बघा," ती म्हणाली. "हे माझ्या पोरीच्या अंगावर दिवसभर होतं. मी शिवलं. न धुता मी घातलं. धुवून घाल, असं त्या म्हातारीनेच सांगितलं होतं."

"पण ती टक लावून..." इस्त्रीवाल्याची बायको चाचरली.

"खोटं बोलले मी. असं काही झालंच नव्हतं. माझी पोर तिच्याकडे रमते ते मला बघवेना, म्हणून बोलले."

मग मालकीणबाई म्हणाल्या, "ते या वेळचं झालं. पण लोक उगीच का म्हणतात इतकी वर्षं?"

"माझ्यासारखंच कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं असेल, बाई. त्याचंही काही दुखत असेल. तिला खोली सोडायला लावलीत, तर मीही सोडते. आणि का सोडली, ते जिथे जाईन तिथे सांगेन."

मालकीणबाईंनी बादलीकडे पाहिलं. "बघू," असं पुटपुटत त्या घरात गेल्या. इस्त्रीवाल्याच्या बायकोने कळशीला हात लावला नाही, पण जिन्यातून बाजूला मात्र झाली.

आई कळशी घेऊन वर गेली. त्या खोलीत पाऊल टाकण्याची तिची ही पहिलीच वेळ. कपड्यांच्या घड्या, रंगवार लावलेल्या दोऱ्याच्या रिळा, खिडकीत एक काड्यापेटी.

"आजी, माझं चुकलं."

म्हातारी आधी तांब्याभर पाणी प्यायली. सगळं, न थांबता. मग म्हणाली, "वरून ऐकलं मी. ओरडायला कशाला हवं होतं एवढं? रंग मिठाच्या पाण्यात घालून बसवायचा असतो. कॉलर चांगली आहे, फ्रॉक फेकू नकोस." आणि तोंड फिरवून म्हणाली, "मला तुझी पोर घ्यायची नव्हती गं. तिने मला विचारलं, खोकतेस कशाला. तसं कोणी विचारलंच नव्हतं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर रांग असताना वरची कडी वाजली. सवयीने घसा खाकरल्याचा आवाज आला. खाली दोन दारं ओढली गेली. आईने हातातली बादली खाली ठेवली आणि वर तोंड करून म्हणाली,

"आजी, खोकायचं नाही. तशाच या. माझ्या पुढे नंबर आहे तुमचा."

"तू कोण मला सांगणार?" वरून खेकसणं आलं. मग जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, एकेक. आणखी एक दार ओढलं गेलं. एक मात्र अर्धवट उघडंच राहिलं. म्हातारी खाली आली, न खोकता, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

भिंगरी आईच्या हातातून सुटून तिच्याकडे धावली आणि तिच्या कमरेला तश्शी मिठी मारली, रोज संध्याकाळी आई मनाशी बघायची तश्शीच. आईच्या छातीत कळ आली. ती जुनी कळ गेलेली नव्हती, कदाचित जाणारही नव्हती. पण आता तिने त्या कळेला तिच्या खऱ्या नावाने ओळखलं, कोणा दुसऱ्याच्या नजरेचं नाव दिलं नाही. आणि पुढे होऊन म्हातारीची कळशी नळाखाली धरली.