तिसरा गिअर

कर्रर्र! गिअर असा किंचाळला की औशाच्या मोंढ्यातल्या धान्यगोदामांच्या पत्र्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली. शिवगंगानं डोळे गच्च मिटले. आता अप्पांच्या तोंडाचा पट्टा सुटणार!

शेजारच्या सीटवर मांडी घालून बसलेले अप्पा शांतपणे समोर बघत होते. "हाव, बसला. आता तिसरा टाक."

बसला कसला? गिअरच्या दांड्यानं तिच्या हाताला अजून झिणझिण्या येत होत्या. एकेकाळी ताटलीचा आवाज झाला तरी खेकसणारा आपला बाप आज इतका मवाळ कसा? कंबर धरतेय म्हणून त्यांनीच तिला ट्रक शिकवायला घेतला होता.

मागून टेम्पोनं कानठळ्या बसतील असा हॉर्न दिला. अप्पांची पापणीसुद्धा लवली नाही.

शिवगंगाला शंका आली. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि जीव खाऊन ओरडली, "अप्पा, गाडीला आग लागली!"

"दमानं घे. क्लच पुरा दाब," अप्पा म्हणाले.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. मागच्याच महिन्यात लेकराला मांडीवर घेऊन ती याच ट्रकमधून, अप्पा चालवत असताना, नायगावला गेली होती. भर हायवेवरून!

तिनं गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. अप्पांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "तुमाला ऐकू येत न्हाई?"

अप्पांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"तुझी आई गेली, तवापासनं कमी कमी होत गेलं. पर गाडीचं समदं तळपायाला कळतंय की. गिअर कवा बदलायचा, ते पाय सांगतेत."

केबिनमध्ये चप्पल घालून चढायचं नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नेम. गळ्यात इष्टलिंग घालणारा लिंगायत माणूस, गाडीलाही देव मानतो, असं घरदार कौतुकानं सांगायचं. त्या अनवाणी पायांचं दुसरं काम कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अन् मागनं हॉर्न वाजला तर?"

"आरशात बघतो."

"अन् एखादं लेकरू चाकाजवळ आलं, माणसं वरडली, तर?"

अप्पांची नजर आरशाकडे गेली.

"उद्या हैदराबादचा माल भरायचाय," ते पुटपुटले.

"न्हाई, अप्पा. मलप्पाकाकाला गाडी चालवाया बोलवू."

"माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात?" त्यांचा आवाज चढला. शिवगंगा नुसती नकारार्थी मान हलवत राहिली. तिचे डोळे वाहत होते.

अप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. मग वाकून ड्रायव्हरच्या सीटखाली सवयीनं ठेवलेली आपली चप्पल बाहेर काढली आणि आपल्या बाजूच्या दाराशी नीट ठेवली. इतकी वर्षं तिथं क्लीनरची चप्पल असायची.

"चालू कर," ते म्हणाले आणि मांडी मोडून दोन्ही तळपाय केबिनच्या फळीवर टेकवले.

ट्रक हलला. दुसरा पडला. तिनं क्लच दाबला, दांडा न्यूट्रलला आणून क्षणभर थांबली आणि मग पुढं ढकलला. या वेळी जरासुद्धा आवाज झाला नाही.

तिनं चोरून बाजूला बघितलं. अप्पांनी डोळे मिटले होते.

"बसला," ते म्हणाले.