नव्वदच्या अलीकडे

ताईच्या टाचेखाली हात घालून ठमीने तिचा पाय हळूहळू वाकवला आणि गुडघ्यावर कोनमापक टेकवला. अठ्ठ्याऐंशी अंश.

"एवढंच? अगं, अजून जाईल. दाब ना, ठमे."

"नव्वदच्या पुढे नाही. ऑपरेशननंतर सहा आठवडे."

"डॉक्टर लोक घाबरटच. मी सांगतेय ना, दाब!"

ताईने सांगायचं आणि ठमीने ऐकायचं, ही या मावसबहिणींमधली जुनी वहिवाट. एकवीस वर्षांपूर्वी, व्हॉलीबॉलच्या निवडीच्या आदल्या दिवशी, ताईने जाळीखाली तिला असा काही धक्का दिला की ठमीच्या गुडघ्यातली गादी, मेनिस्कस म्हणतात ती, चिंध्या होऊन काढावी लागली. संघात ताई गेली. दवाखान्यात भेटायला आली तीही चषक घेऊन. "बघ, जिंकलो आपण!"

त्या 'आपण'मुळे ठमी फिजिओथेरपिस्ट झाली.

पुढे ताईचीही गादी गेली; पण तिला वेळेवर एका मृत दात्याची मिळाली. ठमीने स्वतःसाठी विचारलं, तेव्हा हाडंच घासली गेली होती. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. आणि आज ताई कुबड्या टेकत आपणहून तिच्या टेबलावर येऊन पडली होती.

नव्वद. ठमीचा तळहात ताईच्या नडगीवर स्थिरावला. आणखी एक रेटा, की आतले टाके उसवणार. 'रुग्णाने ऐकलं नाही' एवढं लिहिलं की झालं. सगळं खानदान डोळे झाकून विश्वास ठेवेल.

"दाब की! हातात जीव नाही का?"

ठमीची नजर बाजूला गेली. उशाशी फाइल उघडी होती. दात्याच्या रकान्यात नाव नव्हतं. स्त्री, वय चोवीस. बाकी कोरं.

या पोरीने आपलं काय घोडं मारलं होतं?

तिने पाय सावकाश सरळ केला. गुडघ्याच्या ब्रेसचे पट्टे आवळले.

"घाबरलीस ना?"

"गुडघ्याचं झालं," ठमी म्हणाली. गादी परक्याची होती. मांडी मात्र ताईचीच, जन्मापासूनची. "आता पाय ताठ ठेवून वर उचल. मी दहा म्हणेपर्यंत खाली आणायचा नाही."

"असं किती वेळा?"

ठमीने स्टूल ओढलं आणि आपला दुखरा पाय लांब करून ऐसपैस बसली.

"मी सांगतेय ना, उचल."

पाय वर गेला. थरथरू लागला.

"एक," ठमी म्हणाली, आणि दोन म्हणायच्या आधी तिने चहा मागवला.