मागून हाक

शेजारच्या सुलाअक्काची पिशवी खुंटीवरच राहिलेली मनकर्णाला दिसली. तिने फोन घेतला, सुलाअक्काचा नंबरही काढला, पण अंगठा काही खाली येईना. गाडी अजून सेलूच्या बाहेरही पडली नसेल. एक फोन केला असता तर अक्काच्या लेकाने, महारुद्रने, तोंड वाकडं करून का होईना, गाडी वळवली असती. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची? तीही अमावस्येला?

खरं तर सगळा घाट तिचाच. पुण्यातल्या महारुद्रने आईबापांच्या लग्नाच्या वाढदिवसाला, उत्तरेकडच्या डोंगरांतून जाणाऱ्या महागड्या रेल्वेची तिकिटं काढली होती. झोपायला पलंग, डोक्यावर काचेचं छत, पडल्या पडल्या बर्फ बघायचा. निघायचा दिवस नेमका अमावस्येचा. अक्काचे नवरे दत्तराव मास्तर हसले, पण मनकर्णा ऐकते कसली!

"अक्का, आदल्या दिशी परस्थान ठिवा माज्याकडं, वाटंच्या सामानातलं कायतरी. म्हंजी तुमी आमुशाच्या आदीच निघाल्यावानी झालं."

दोन दारं पलीकडे पिठाची गिरणी चालवणाऱ्या या विधवा बाईपुढे सुलाअक्काचं कधीच काही चाललं नव्हतं. अक्काने कापडी पिशवीत तांदूळ, सुपारी घातली, "अन् माजं बी कायतरी घालते, म्हंजी इसरायचं न्हाई," म्हणत आत काहीबाही कोंबलं आणि पिशवी मनकर्णाच्या घरी खुंटीला लावली. निघताना ती उचलायची. पण ओटी भरणं, रडणं, डबे गाडीत ठेवणं, या गडबडीत दोघीही विसरल्या.

साडी असेल एखादी, असं म्हणून मनकर्णाने फोन ठेवून दिला आणि गिरणी सुरू केली. दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुणाच्या बाजरीत कुणाची ज्वारी मिसळली, गिऱ्हाईक बाई वाट्टेल ते बोलून गेली, आणि एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या मनकर्णाने ते मुकाट ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुलाअक्काचा व्हिडिओ कॉल आला.

"बघ मने, कसं हाय!"

मखमली खुर्च्या, टेबलावर ताजी फुलं, पांढरे हातमोजे घातलेला वाढपी. मग अक्काने फोन काचेकडे फिरवला. डोंगर पांढरेशुभ्र दिसतील असं मनकर्णाला वाटलं होतं. ते काळे होते, अंगावर आल्यासारखे जवळ होते आणि खाली दरीला तळच नव्हता. काचेवर बारीक खडे आपटल्याचा आवाज आला.

"लय भारी हाय की, अक्का. पर तुमाला धाप लागायलीय का?"

"उंचावर आलोत न. समद्यांनाच लागायलीय."

"पंप हाय न संगं?"

सुलाअक्काला दरवर्षी थंडीत दमा उठायचा. तिने फोन पुन्हा काचेकडे फिरवला.

"हाय की. मी काय तान्ही हाय का?" ती हसली आणि हसता हसता खोकली. "मने..."

"काय अक्का?"

"काई न्हाई. माजी ज्वारी तेवडी निवडून ठिव. आल्यावर दळायचीय."

पिशवीचं मनकर्णाच्या अगदी ओठांवर आलं होतं. प्रवासाच्या मध्येच असलं अभद्र बोलायचं नाही म्हणून तिने ते गिळलं. फोन बंद झाल्यावर मात्र तिला राहवेना. परस्थानाची पिशवी उघडू नये म्हणतात, पण तिने उघडली. तांदळाखाली पंप होता आणि गोळ्यांची पाकिटं.

फोन लावला, तो लागेना. दत्तरावांचा लावला, तोही लागेना. महारुद्रने पुण्याहून कुठे कुठे फोन फिरवले, पण डोंगरात शिरलेल्या गाडीपर्यंत काही पोचेना. मनकर्णा उंबऱ्यात बसून राहिली. ज्या बाईवर जीव लावला, तिचं औषध आपणच आपल्या खुंटीला टांगून ठेवलं, हे तिला सोसवत नव्हतं.

उजाडताना दत्तरावांचाच फोन आला.

"भाऊजी, पंप माज्याकडं राह्यलाय! तिथं कुटं मिळतो का बघा, अक्काला..."

"म्हाईत हाय," दत्तराव म्हणाले. मागे रेल्वेचा आवाज नव्हता. "रेल्वेत बसल्यावरच तिच्या ध्यानात आलं होतं. मला रात्री सांगितलं, दम कोंडल्यावर. आदी का बोलली न्हाईस म्हणलं, तर म्हणली, मनकर्णाला कळलं तर ती जिवाला लावून घेईल. पुडं दरड पडून गाडी हुबी होती. गाडीतल्या डाक्टरनं लय केलं."

मनकर्णा उंबऱ्याला धरून उठली.

"चावी तुज्याकडंच हाय न? घर उघड. आमी तिला घेऊन यायलोत."

मनकर्णाने सुलाअक्काचं घर उघडलं. खिडक्या लोटल्या, घर झाडून घेतलं, अंगणात सडा टाकला. सवयीने रांगोळीची वाटी हातात घेऊन ती दारात वाकली. मग तशीच सरळ झाली आणि वाटी कोनाड्यात ठेवून दिली.