तीन आठवडे मी भरलेलीच होते

चूक बाबांची. हे आधीच सांगून टाकते, कारण या घरात सगळे "आजारच तसा, कोण काय करणार" म्हणत विषय गुंडाळतात.

मी गोळ्यांची लाकडी डबी बोलतेय. सात वारांचे सात कप्पे. मला दादाने घडवलं. दादा सुतार. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने हाती घेतलेलं पहिलं काम मीच. औषधाने हात थरथरत होता, म्हणून माझा बुधवार जरा तिरका आहे.

"दादा, तुझा बुधवार झिंगलाय रे!" धाकटी बहीण म्हणाली. महिन्याभरात तो पहिल्यांदाच हसला.

त्याच्या आजाराला बायपोलर म्हणतात. कधी आठवडेच्या आठवडे त्याला अंथरुणातून उठणंच जमायचं नाही. कधी झोप नको, जेवण नको, तोंडाचा पट्टा सुरू. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, गोळ्या रोज, रक्ततपासणी वेळेवर, झोपेशी खेळ नाही. "न झोपताही तो ताजातवाना दिसला, तर खूश होऊ नका. मला फोन करा."

बाबा नेमके तेव्हाच खूश व्हायचे. चढत्या दिवसांत दादा चौघांचं काम एकटा उपसायचा. मग बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगा वाघ आहे माझा." तोच अंथरुणात पडला की आळशी. बाबांना आजाराचं काम हवं होतं, आजारी पोरगा नको होता.

दीड वर्ष बहीण मला दर रविवारी भरायची आणि मी रोज एकेक कप्पा रिकामी व्हायचे. मात्रा बदलल्यावर थरथर कमी झाली. दादा वेळेवर झोपायचा, रंधा मारताना शीळ घालायचा. साधं, सुरेख चाललं होतं.

मग बहीण नोकरीच्या प्रशिक्षणाला तीन आठवडे बाहेर गेली. जाताना तिने मला बाबांच्या हातात दिलं.

"रोज एक कप्पा, रविवारी पुन्हा भरा. गिळेपर्यंत समोर थांबा हं, बाबा."

"मला शिकवू नकोस."

दुसऱ्याच दिवशी एका शाळेचं काम आलं. साठ बाकं. बाबा दादाला म्हणाले, "गोळ्यांनी तुझा हात जड झालाय. हे काम उरक, मग घे पुन्हा."

"डॉक्टरबाईंना विचारतो एकदा."

"त्या येणारेत का बाकं ठोकायला?"

दादाने रंधा उचलला. बापाचा शब्द मोडायची त्याला सवयच नव्हती. बाबांनी मला खिळ्यांच्या खणात टाकलं, भरलेली.

खणातून मी ऐकत होते. आधी शीळ थांबली. मग गाणी, मग न थांबणारी बडबड, मग पहाटेपासून करवत.

बहिणीचा फोन आला. "दादा कसाय?"

"एकदम वाघ!"

"झोपतो का, ते सांगा."

"कामं पडलीत," म्हणत बाबांनी फोन ठेवला. विसाव्या दिवशी करवत सुरू असतानाच दादा किंचाळला.

आता दादा बरा आहे. बहीण परत मला भरते. कधी ती थकलेली असली, तर बाबा चष्मा लावून एकेक गोळी मोजून ठेवतात, दादाला पाणी आणून देतात. माफी अजून मागितलेली नाही. दादाच म्हणतो, "बाबा, बसा ना जरा." मला ते जमणार नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर माणूस बरा दिसतो म्हणून तिला खणात टाकू नका. तो बरा दिसतो, कारण ती रोज रिकामी होते.

एकेचाळीस बाकं झाली. दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.